उदरातील रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी आणि आतड्यांतील गुंतागुंत : ग्रामीण रुग्णाच्या संदर्भात

प्रस्तावना : पोर्तुगालमध्ये रेनाल्दो दोस सान्तोस यांनी १९२९ मध्ये उदरातील महाधमनीचे क्ष-किरण चित्र घेतले. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार व तारेवरून नळी सरकविण्याची पद्धत मांडली आणि ही तपासणी सुलभ झाली. तिच्यानंतर क्वचित उद्भवणाऱ्या आतड्यांच्या गुंतागुंतीचा परामर्श घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कारणमीमांसा : सामान्यतः जांघेतील धमनीतून नळी महाधमनीत नेऊन रंगद्रव्य सोडले जाते. आतड्यांना रक्त पुरविणाऱ्या तीन प्रमुख धमन्या महाधमनीतूनच निघतात. वृद्ध, मधुमेही वा धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत महाधमनीच्या अस्तरावर मेदाचे थर साचलेले असू शकतात. नळीच्या घर्षणाने त्यांतील कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटून आतड्यांच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. धमनीचे अस्तर फाटणे व रक्ताची गुठळी होणे ही अन्य कारणे होत. रक्तस्राव थांबविण्यासाठी धमनीची शाखा बंद केल्यासही आतड्याचा तेवढा भाग मृत होण्याचा धोका संभवतो.

लक्षणे : वेदना तीव्र, परंतु पोट तपासताना त्या मानाने फारसे काही आढळत नाही, ही विसंगती प्रारंभीची महत्त्वाची खूण होय. रक्तमिश्रित जुलाब, उलट्या व पायांच्या बोटांवरील निळसर छटा ही अन्य लक्षणे होत. रक्तपुरवठा पूर्ण तुटल्यास काही तासांतच आतडे मृत होऊ लागते. स्फटिकांचा परिणाम मात्र कित्येक दिवसांनी वा आठवड्यांनीही प्रकट होतो.

ग्रामीण संदर्भ : पेण तालुक्यातील गडबसारख्या गावचा रुग्ण मुंबईत तपासणी करून घरी परतला, की ही उशिरा दिसणारी लक्षणे गावीच उद्भवतात. ती अपचन समजून घरगुती उपायांत वेळ दवडला जाण्याची शक्यता असते. गावातील डॉक्टरांनाही तपासणीची माहिती असतेच असे नाही. म्हणून रुग्णालयातून मिळालेला कागद त्यांना प्रथम दाखविणे आवश्यक ठरते. तीव्र पोटदुखी वा शौचातून रक्त आल्यास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने, शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठावे.

समारोप : निव्वळ निदानासाठी आज बहुधा सीटी अँजिओग्राफी केली जाते. तीत रंगद्रव्य हाताच्या शिरेतून दिले जाते. धमनीत नळी जात नसल्याने स्फटिक सुटण्याचा हा धोका टळतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांत रंगद्रव्याबाबतची दक्षता मात्र आवश्यक राहते. नळीची पद्धत आता प्रामुख्याने उपचारासाठी वापरली जाते. अशा रुग्णास घरी पाठविताना उपरोक्त लक्षणे मराठीत लिहून दिल्यास त्याच्या कुटुंबियांना योग्य वेळी निर्णय घेता येईल.