पायांतील न दिसणारी आग

कांहीं दुखणीं घरांतील सर्वांस दिसतात. ताप आला तर कपाळास हात लावतांच कळतो, हाड मोडलें तर पाय सुजतो, आणि घरांतील लहानथोर माणसें अंथरुणाभोंवतीं जमतात. अशा दुखण्यास सहानुभूति मागावी लागत नाहीं. परंतु एक दुखणें असें आहे कीं, त्याची खूण बाहेर कोठेंच उमटत नाहीं. पाय पूर्वीसारखाच दिसतो, कातडी धड असते, सूज नसते. आणि तरीहि ज्याचें त्याला वाटत असतें कीं, आपण निखाऱ्यांवर उभे आहों. रात्रीं पांघरुणाचा नुसता स्पर्शहि त्याला सोसत नाहीं. ह्या दुखण्यास परिघीय मज्जातंतूंचा विकार म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडीं त्याचें नांव न्यूरोपॅथी असें आहे. त्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पालघर, बोईसर, तारापूर ह्या पट्ट्यांतील घरांस हा विषय दूरचा नाहीं. १९६९ सालीं तारापूरला अणुविद्युत् केंद्र सुरू झालें, पुढें बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, २०१३ सालीं उपनगरी गाड्या विरारच्या पुढें डहाणूपर्यंत धांवूं लागल्या, आणि २०१४ च्या ऑगस्टांत पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाडीशेतांतून हिंडणारे पाय गाडींत दोन-दोन तास उभे राहूं लागले, किंवा कचेरीच्या खुर्चीखालीं दिवसभर निश्चल राहूं लागले. ताटांतला भात मात्र पूर्वीइतकाच राहिला. जें येथें झालें तेंच थोड्याफार फरकानें सर्व देशांत झालें. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत मधुमेह असलेल्यांची संख्या दहा कोटींवर गेली आहे; आणि मधुमेह्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा तंतूंचा विकार जडतो.

अशा एखाद्या घरांतील रात्र वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावी. आजोबा दहा वाजतां निजावयास जातात, अकरा वाजतां उठून ओटीवर येतात, गार फरशीवर तळवे टेकून बसतात, आणि पुन्हां आंत जातात. पायांत सुया टोंचतात, मुंग्या येतात, मध्येंच विजेचा झटका बसावा तशी कळ निघते. सकाळीं ते मुलास सांगतात. मुलगा पाय पाहतो. त्यास कांहींच दिसत नाहीं. "वय झालें म्हणजे होतें तसें," असें म्हणून तो गाडी गांठण्यासाठीं निघून जातो. दुसऱ्या दिवशीं आजोबा सांगत नाहींत. त्याच घरांतील आजींनीं चाळीस वर्षें स्वयंपाकघरांत उभ्यानें काढलेलीं असतात. त्या तर पहिल्या दिवशींहि सांगत नाहींत. अशा रीतीनें अबोल्यांत महिने जातात, आणि उपचारास जो काळ सर्वांत अनुकूल तोच हातचा निसटतो.

म्हणून पहिली गोष्ट ही कीं, हें दुखणें मनाचा खेळ नव्हे. पाठीच्या कण्याकडून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतु हे शरीरांतील सर्वांत लांब तंतु होत. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे ह्या तंतूंस व त्यांस पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांस इजा होते. आणि पाणी कमी पडलेल्या झाडाचा जसा शेंडा आधीं वाळतो, तसें तंतूचें अगदीं टोंकच प्रथम बिघडतें. त्यामुळें विकाराचा आरंभ बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून होतो, मोजा चढवावा तसा तो हळूहळू वर सरकतो, आणि गुडघ्याच्या सुमारास पोंचला म्हणजे हातांच्या बोटांतहि जाणवूं लागतो. बिघडलेला तंतु कांहीं कारण नसतांना वेदनेचा निरोप मेंदूकडे धाडीत राहतो. पाहणाऱ्यास पाय निरोगी दिसतो आणि भोगणाऱ्यास आग जाणवते, ह्यांत म्हणूनच विरोध कांहीं नाहीं. आमच्या प्राचीन वैद्यांच्याहि नजरेंतून हें सुटलें नव्हतें. चरकानें प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत हातापायांचा दाह आणि बधिरता ह्या दोहोंचा उल्लेख केलेला आहे.

ह्या दोहोंपैकीं दाह माणसास सतावतो, पण बधिरता अधिक घात करते. कालांतरानें आग कमी होते, तेव्हां "आतां बरें वाटतें" म्हणून घरांत समाधान पसरतें. औषधानें किंवा साखर ताब्यांत आल्यानें उतार पडला असेल तर समाधान योग्यच आहे. परंतु तंतु अजीबात निकामी झाल्यामुळें आग थांबली असेल, तर खरें संकट तेथूनच सुरू होतें. वेदना ही देहाची राखणदार आहे. ती गेली म्हणजे चपलेंतला खिळा, तापलेली फरशी, नखाजवळची जखम ह्यांची वार्ता मालकास कळेनाशी होते. डॉक्टर पॉल ब्रँड हे १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले आणि त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातापायांचा बारकाईनें अभ्यास केला. बोटें रोगानें आपोआप झडतात, ही समजूत त्यांनीं खोटी ठरविली. बधिर झालेल्या हातापायांस भाजतें, कापतें, निजलेल्या माणसाचीं बोटें उंदीर कुरतडतात, आणि त्यास पत्ता नसतो. ह्या इजांनींच अवयवांची हानि होते, असें त्यांनीं दाखविलें. मधुमेह्याच्या बधिर पायासहि हाच धडा लागू पडतो. एक न कळलेला फोड चिघळतो आणि अखेर पाय कापण्याची वेळ येते. आणि असे पुष्कळ प्रसंग वेळींच लक्ष दिल्यानें टळण्यासारखे असतात.

मधुमेह हें मुख्य कारण असलें तरी तें एकटें नाहीं. शाकाहारी घरांनीं विशेष लक्ष द्यावें असें कारण म्हणजे बी-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव. १९४८ सालीं हें सत्त्व शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. शाकाहाऱ्यास तें मुख्यतः दूधदुभत्यांतून मिळतें, तेंहि बेताचेंच. आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन हें औषध दीर्घकाळ घेतल्यास त्याचें शोषण आणखी घटतें. वरणभात, भाजी आणि मेटफॉर्मिन अशा आयुष्यक्रमांत पायांस मुंग्या येऊं लागल्या, तर रक्तांतील बी-१२ तपासून घेतल्यावांचून सर्व दोष साखरेच्या माथीं मारूं नये. कारण ही उणीव वेळीं ओळखली तर भरून काढतां येते. ह्याशिवाय मद्यपान, थायरॉईड ग्रंथीची मंदता, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोगावरील कांहीं औषधें आणि क्षयावरील आयसोनियाझिड हींहि कारणें होत. ह्या शेवटच्या औषधाबरोबर डॉक्टर बी-६ देतात तें ह्यासाठींच. हेक्झेनसारखीं कांहीं द्रावणें व शिसें, आर्सेनिक ह्यांसारखे पदार्थहि तंतूंस बाधक आहेत. तेव्हां कारखान्यांत काम करणाऱ्यानें आपण कोणते पदार्थ हाताळतों हें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें. आणि ज्याची घडण ठाऊक नाहीं अशी पुडी वा भस्म कोणाच्या सांगण्यावरून घेऊं नये. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागांत कुष्ठरोग अद्याप आढळतो. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर, घरच्याचा असो वा घरकामास येणाऱ्याचा, तो लपविण्याचें कारण नाहीं. सरकारी आरोग्यकेंद्रांत त्याचें औषध मोफत मिळतें आणि रोग पूर्ण बरा होतो.

आतां उपचाराविषयीं. मेलेला तंतु पुन्हां जिवंत करणारें औषध अद्याप निघालेलें नाहीं, हें स्पष्ट सांगणें बरें. साखरेवर ताबा ठेवल्यास विकारास आळा बसतो. लहान वयांत जडणाऱ्या मधुमेहांत हा लाभ फार मोठा असल्याचें १९९३ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें, आणि उतारवयांतील मधुमेहांत तो त्याहून कमी, पण उपयोगाचा आहे. वेदनेसाठीं नेहमींच्या दुखण्यावरील गोळ्या सहसा कामास येत नाहींत. उलट त्या रोज घेतल्यास मूत्रपिंडास अपाय होऊं शकतो. ह्या वेदनेचीं औषधें निराळीं आहेत: अॅमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन, प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन. ह्यांतील कांहीं मनाच्या उदासीनतेवर तर कांहीं फेंफऱ्यावर दिलीं जातात. तेव्हां चिठ्ठी वाचून "आम्हांस वेडें ठरविलें" असा ग्रह करून घेऊं नये. २०२२ सालीं ब्रिटनमध्यें ह्यांपैकीं पहिल्या तीन औषधांची तुलना झाली. तींत तिन्हींचा गुण जवळजवळ सारखाच ठरला, आणि एकानें पुरेसा उतार न पडल्यास दुसऱ्याची जोड दिल्यानें फायदा दिसला. म्हणून कोणतें औषध द्यावयाचें हें रोग्याच्या वयावर व इतर व्याधींवर ठरतें. अॅमिट्रिप्टिलीननें तोंड कोरडें पडतें आणि वृद्ध पुरुषांस लघवी अडण्याचा संभव असतो. प्रीगॅबालिननें झोंपाळूपणा, घेरी व पायांस सूज येऊं शकते. मात्रा हळूहळू वाढवावी लागते, गुण दिसण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि औषध एकदम बंद करणें अपायाचें असतें. वेदना निम्मी झाली तरी औषध लागू पडलें असें समजावें. निम्म्या वेदनेंत माणूस झोंपूं शकतो, आणि झोंप मिळाली म्हणजे उरलेली वेदना सोसण्याचें बळ येतें. मिरचीच्या तिखटपणांतून काढलेलें कॅप्सेसिनचें मलमहि कांहींस उपयोगी पडतें. तें लावल्यावर हात स्वच्छ धुवावे आणि तें जखमेस लागूं देऊं नये.

परंतु औषधाइतकेंच काम घराचेंहि आहे. रात्रीं चादर तळव्यांस टेकूं नये म्हणून पायथ्याशीं एखादें लहान स्टूल आडवें ठेवून तिच्यावरून पांघरूण घालावें. आग होते म्हणून पाय बर्फांत ठेवूं नयेत, आणि गारठा वाटतो म्हणून गरम पाण्याच्या पिशवीनें शेकूंहि नयेत. बधिर पाय भाजल्याचें ध्यानांतच येत नाहीं. स्नानाचें पाणी घरांतील दुसऱ्या कोणीं हात घालून पाहावें. तोल जाण्याचा संभव असल्यानें मोरीच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा आणि तेथील फरशी कोरडी ठेवावी. पालघरच्या पावसाळ्यांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, म्हणून पाय धुतल्यावर बेचकें मऊ फडक्यानें टिपून घ्यावें. तेल तळव्यांस लावावें, बेचक्यांत लावूं नये. नखें सरळ कापावींत, आणि कुरूप झालें तर घरीं पात्यानें कोरूं नये.

घरांत चप्पल घालणें आमच्याकडे गैर मानलें जातें. स्वयंपाकघरांत व देवापाशीं तर विशेषच. ह्या भावनेचा आम्ही अनादर करीत नाहीं. पण घरापुरती वेगळी, धुतलेली, मऊ चप्पल ठेवल्यानें शुचिता कशी भंगते, हें आम्हांस उमगत नाहीं. दुपारच्या उन्हांत केळव्याच्या वाळूंत किंवा चैत्रांतील महालक्ष्मीच्या यात्रेंत तापल्या दगडांवर अनवाणी चालण्याचा हट्ट ह्या रोग्यानें धरूं नये; पहांटे जावें, पायांत जाड मोजे असावेत. जेवणाविषयींहि तेंच. एका माणसासाठीं वेगळें ताट वाढून त्याला वेगळें पाडण्यापेक्षां सगळ्यांच्याच पानांतला भात थोडा कमी व्हावा आणि भाजी, उसळ वाढावी. घोलवडचे चिकू आले तर वाटींत मोजून वाढावे. "एक पुरणपोळी घ्या हो, कांहीं होत नाहीं," असा आग्रह करणाऱ्या पाहुण्यास घरच्या सुनेनें विनयानें थांबवावें. तो अधिकार तिला वडीलधाऱ्यांनींच दिला पाहिजे.

कांहीं चिन्हें दिसतांच विलंब न करतां रुग्णालय गांठावें: पायावर व्रण, लाली, दुर्गंधि किंवा काळसर डाग, दुखत नसतांहि एक पाऊल अकस्मात् सुजून गरम होणें, थोड्या दिवसांतच पायांतील शक्ति झपाट्यानें जाणें, लघवी-शौचावरील ताबा सुटणें. २०२५ च्या आरंभीं पुण्यांत गिलाँ-बारे विकाराची जी सांथ आली, तींत मुंग्यांपाठोपाठ अशीच शक्ति जात असे. मधुमेह असलेल्यानें वर्षांतून एकदां तरी पायांची तपासणी करवावी. डॉक्टर एका बारीक नायलॉनच्या तंतूनें व कंप पावणाऱ्या चिमट्यानें तळव्यांची संवेदना पाहतात. तीस फार वेळ लागत नाहीं आणि दुखतहि नाहीं.

शेवटीं एकच गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. वृद्धांस आपले तळवे आपणांस दिसत नाहींत. कंबर वांकत नाहीं, दृष्टि मंदावलेली असते. एकट्या माणसास त्यासाठीं आरसा लागतो. एकत्र कुटुंबांत मात्र सांजवात लागल्यावर नातवंडें आजी-आजोबांच्या पाया पडतात. त्या वेळीं एखाद्या मोठ्या नातवंडानें तेथेंच दोन मिनिटें बसावें, दिव्याच्या उजेडांत दोन्ही तळवे, टांचा आणि प्रत्येक बेचकें पाहावें, आणि मग विचारावें, "आजोबा, आज रात्रीं आग किती झाली?" त्या प्रश्नाचें उत्तर खरें मानावें, आणि पायावर जें दिसेल तें त्याच रात्रीं वडिलांस सांगावें. दुखतें त्यावर विश्वास ठेवणें आणि दुखत नाहीं तेथें नजर ठेवणें, हीं दोन कामें पैशानें होत नाहींत. तीं घरच्या माणसांनींच करावयाचीं असतात.