पाळीची खोली आणि सात रात्री

‘पाळी’ हा शब्द लालबाग-परळच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी या शब्दांवर आमच्या भागाचे घड्याळ पिढ्यान्‌पिढ्या चालले. शेतकऱ्याला कालव्याची पाणपाळी ठाऊक असते, गुरवाला देवळाच्या पूजेची. वस्तू एक, घेणारे अनेक. तेव्हा वस्तूचे तुकडे न करता काळाचे तुकडे करायचे आणि ते वाटून घ्यायचे, एवढाच पाळीचा अर्थ. थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकाठी वर्षाकाठी सात रात्री राहण्याचा हक्क ‘टाइमशेअर’ या नावाने विकला जातो, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. मग आपल्या जुन्या पाळीपासून ती नेमकी कुठे वेगळी होते? माझ्या आत्याच्या एका करारपत्रामुळे या प्रश्नाचा थोडा अभ्यास करण्याची वेळ माझ्यावर आली.

प्रथम जुनी पाळी पाहू. माझे आजोबा जावळीतून मुंबईला गिरणीत आले ते लालबागला ‘गावच्या खोलीत’ उतरले. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली ती खोली. गिरणगावात अशा खोल्या शेकड्यांनी होत्या. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या. दहा बाय पंधराच्या जागेत वीस-पंचवीस बाप्ये. भिंतीवर प्रत्येकाची एक खुंटी, तिच्याखाली पत्र्याची ट्रंक. रातपाळी करून आलेला माणूस पहिल्या पाळीला गेलेल्याच्या जागेवर आडवा होई. जमीन तीच, वळकटी कधी कधी तीच, माणूस मात्र घड्याळाप्रमाणे बदले. महिन्यातून एका रविवारी गावकी बसे. चिटणीस वही वाचून दाखवी: भाडे इतके, दिवाबत्ती इतकी, झाडलोट इतकी, शिल्लक इतकी. ज्याला हिशेब पटत नसे तो तिथेच उठून भांडे, आणि चिटणिसाला उत्तर द्यावे लागे. आजोबा स्वतः दोन वर्षे चिटणीस होते आणि त्या दोन वर्षांत आपले वजन घटले असे ते सांगत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि खोल्यांतली माणसे गावी परतली. परंतु कित्येक खोल्या अजून गावाच्याच आहेत. नोकरी शोधायला आलेला मुलगा, टाटा रुग्णालयात औषधोपचारासाठी आलेला म्हातारा, असे कोणी ना कोणी तिथे उतरते. असो.

आता नवी पाळी. ती युरोपात साठच्या दशकात जन्मली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘हापिमाग’ ही संस्था निघाली. पैसे घालून सभासद व्हायचे आणि संस्थेच्या निरनिराळ्या गावच्या घरांत आळीपाळीने राहायचे. याच सुमारास फ्रान्सच्या आल्प्समध्ये हॉटेलच्या खोल्यांचे आठवडे विकण्याचा प्रयोग झाला. अमेरिकेत या धंद्याला जोर आला तो १९७३-७४ च्या तेलटंचाईनंतर. फ्लोरिडात बांधलेल्या घरांना गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा एकेक घर बावन्न आठवड्यांत कापून विकले गेले. १९७४ मध्ये इंडियानापोलिस येथे डी-हान दांपत्याने ‘आरसीआय’ ही अदलाबदलीची कंपनी काढली. आपला आठवडा तिच्याकडे द्यायचा आणि दुसऱ्या ठिकाणचा घ्यायचा. आपल्याकडे १९८६ साली मद्रासहून ‘स्टर्लिंग’ आणि दहा वर्षांनी ‘महिंद्र हॉलिडेज’ या कंपन्या आल्या. नव्वदच्या दशकात इतरही अनेक उगवल्या आणि त्यांतल्या पुष्कळ मावळल्या.

आत्या निवृत्त शिक्षिका, दादरला राहते. सभासदत्वाचे बोलणे तिच्याशी प्रथम एका मॉलमध्ये झाले. तो मॉल गिरणीच्या जमिनीवर उभा आहे, हे आमच्या भागात सांगायलाच नको. सोडतीचे कार्ड भरून घेतले, आठवड्याने बक्षीस लागल्याचा फोन आला, आणि बक्षीस घ्यायला एका हॉटेलात दोन तास बसावे लागले. उठताना आत्याने ग्रॅच्युइटीतील रकमेचा धनादेश लिहिला होता. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण विक्रीची ही रीत एकट्या तिची नव्हे.

गेल्या डिसेंबरात तिच्या सात रात्रींपैकी चार रात्री आम्ही सहा जण महाबळेश्वरला राहून आलो. मला तिथे काय वाटले ते सरळ सांगते: मला ते फार आवडले. शंभराहून जास्त खोल्या, पोहण्याचा तलाव, मुलांसाठी झोपाळे, संध्याकाळी हाउजी. पण आवडले ते याहून साधे. निजायची खोली वेगळी, बसायची वेगळी, आणि आत नळ असलेली मोरी व संडास. आजी साठ वर्षे चाळीत राहिली; रात्री उठायचे तर बाहेर गॅलरीतून टोकापर्यंत जायचे. पहिल्या रात्री ती तीनदा उठली आणि सकाळी कौतुकाने म्हणाली, “कुणाला जागं करावं लागलं नाही गं.” आई-बाबा गॅलरीत दोघेच बसून चहा पीत होते; घरी असे दृश्य मी पाहिलेले नाही. टाइमशेअरवाले डोंगर आणि हवा विकतात असे म्हणतात. आमच्यासारख्या कुटुंबाला ते चार दिवसांची ऐसपैस जागा विकतात, आणि विकत घेणाऱ्याला मूर्ख म्हणण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आजीचे माहेर तापोळ्याच्या बाजूचे. कोयनेचे धरण झाले तेव्हा तिच्या भावांची खालची शेते शिवसागरात गेली. सामान उचलणारा मुलगा त्याच खोऱ्यातला निघाला, आणि मग आमच्या सामानापेक्षा त्या दोघांच्या नातेवाइकांचीच उचल जास्त झाली.

खर्चाची गंमत जेवणात कळते. खोलीचे भाडे नाही, पण जेवण रिसॉर्टच्या दराने, आणि गाव लांब. आत्या आणि आई यांनी खोलीतल्या छोट्या शेगडीवर दोनदा खिचडी केली; त्यावर कोणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या दिवशी एक सूटबूटवाले गृहस्थ ‘फक्त वीस मिनिटे’ मागायला आले. सभासदत्वाचा वरचा वर्ग घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. आत्याने त्यांना खिचडी विचारली. परतल्यावर करारपत्र माझ्यापुढे टाकून ती म्हणाली, “अर्थशास्त्र घेतलंयस ना? मग वाच आणि मला मराठीत सांग.”

तर मराठीत सांगायचे ते असे. आत्याने खोली विकत घेतलेली नाही. इमारत कंपनीची, जमीन कंपनीची. आत्याला मिळाला आहे तो पंचवीस वर्षे, दरवर्षी सात रात्री, जागा उपलब्ध असेल तर, राहण्याचा हक्क. मुदत संपली की हक्क संपला. ‘जागा उपलब्ध असेल तर’ हे शब्द लहान आहेत, त्यांचा हिशेब मोठा आहे. शंभर खोल्यांचे रिसॉर्ट धरा. वर्षाचे आठवडे बावन्न. दोन दुरुस्तीसाठी सोडले तर पाच हजार आठवडे विकता येतात. पण शाळकरी मुलांच्या घराला मोकळीक केव्हा? मेच्या सुट्टीचे सहा आठवडे, दिवाळीचे दोन, नाताळचा एक. म्हणजे नऊशे आठवड्यांवर सगळ्यांची नजर. म्हणूनच बहुतेक कंपन्या वर्षाचे हंगाम पाडतात, त्यांना रंगांची नावे देतात आणि सुट्टीचा रंग महाग विकतात. स्वस्त रंग घेणाऱ्याच्या वाट्याला भर पावसातले महाबळेश्वर येते. (आमच्या लालबागच्या माणसाची अडचण आणखी निराळी. गणपतीत तो हलत नाही आणि मेमध्ये गावी जातो.)

आता पैसे. आत्याचे खरे आकडे खाजगी आहेत. समजायला गोल आकडे घेऊ. प्रवेशाला साडेतीन लाख, वार्षिक देखभाल शुल्क पंधरा हजार, त्यावर १८ टक्के कर. विक्रेता हिशेब मांडतो तो असा: साडेतीन लाख भागिले पंचवीस वर्षे, भागिले सात रात्री, रात्र पडली दोन हजारांना. हॉटेलात एवढ्यात काय मिळते? पण वर्गात आपण ‘संधी-खर्च’ शिकतो तो इथे लावून पाहावा. तेच साडेतीन लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला साडेचोवीस हजार व्याज आले असते आणि मुद्दल शाबूत राहिले असते. त्यात कर धरून देखभाल शुल्काचे १७,७०० मिळवा. बेरीज ४२,२००. सातही रात्री वापरल्या तर रात्र सहा हजारांची. चारच वापरल्या तर साडेदहा हजारांची. शिवाय शुल्क स्थिर राहत नाही. दरसाल पाच टक्क्यांनी वाढले तर आजचे पंधरा हजार पंचविसाव्या वर्षी अठ्ठेचाळीस हजारांवर जातात. गेले नाही तरी ते भरावे लागतेच. थकले तर आरक्षण मिळत नाही.

हे शुल्क ठरवते कोण? मला वाटते, खरी फूट इथे आहे. अमेरिकेत आठवड्याची मालकी दस्ताने मिळते तेथे आठवडेवाल्यांचा संघ असतो. देखभालीचे अंदाजपत्रक त्याच्यापुढे येते, मतदान होते. त्यांच्याही तक्रारी कमी नाहीत, पण वही उघडायला लावण्याची जागा तरी असते. आत्याच्या करारात शुल्क कंपनी ठरवते आणि सभासदाला कळवते. त्या रिसॉर्टच्या वीजबिलापासून चादरींपर्यंतचा खर्च सभासदांच्या शुल्कातून किती भागतो, हे विचारायला कोणताही रविवार नेमलेला नाही.

ही गोष्ट केवळ तात्त्विक नाही, हे समजायला लालबागहून लांब जावे लागत नाही. प्रभादेवीला कार्यालय असलेली ‘पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड’ ही कंपनी सभासदांना हॉटेलच्या ‘रूम नाइट्स’ विकत असे. रात्री वापरा, किंवा मुदत संपल्यावर ‘सरेंडर व्हॅल्यू’ म्हणून वाढीव रक्कम घ्या, अशी योजना. विक्री एजंटांमार्फत, ओळखीपाळखीने, हप्त्याहप्त्याने. मुंबईत आणि महाराष्ट्रभर. सेबीने जुलै २०१४ मध्ये अंतरिम आदेशाने नवे पैसे घेण्यास मनाई केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्या कार्यवाहीत आलेले आकडे असे: सुमारे ५१ लाख माणसे आणि ७,०३५ कोटी रुपये. कंपनीचे म्हणणे, आम्ही टाइमशेअर विकतो. सेबीचे म्हणणे, ही नोंदणी न केलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे. लोक रात्रींसाठी नव्हे, परताव्यासाठी पैसे भरतात. २०१७ मध्ये अपीलही फेटाळले गेले, मालमत्तांच्या लिलावाची प्रक्रिया सुरू झाली, २०२२ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. पैसे भरणारे आझाद मैदानात बसून आले.

सामूहिक गुंतवणूक योजना कशाला म्हणायचे, याच्या कसोट्या सेबी कायद्याच्या कलम ११अअ मध्ये आहेत. पैसे एकत्र केलेले असावेत, देणाऱ्याला लाभाची अपेक्षा असावी, व्यवस्था दुसऱ्याने पाहावी. आणि चौथी कसोटी अशी की, पैसे देणाऱ्यांचा रोजच्या कारभारावर ताबा नसावा. ही चौथी अट वाचली तेव्हा मला गावच्या खोलीची वही आठवली. तिथेही पैसे एकत्र होत. पण खुंटीवाला प्रत्येक माणूस कारभारात होता. आत्याच्या कंपनीत परताव्याचे आमिष नाही, झोपायला गादी खरोखर मिळते, म्हणून तिची गणना पॅनकार्डशी करणे अन्यायाचे होईल. ओळखण्याची खूण सोपी आहे. विकणारा गादीबद्दल जास्त बोलतो की मुदतीनंतरच्या रकमेबद्दल, हे ऐकावे.

युरोपीय समुदायाने १९९४ सालीच या धंद्यासाठी खास नियम केले. सही केल्यावर दहा दिवसांत कारण न देता माघार घेता येई आणि त्या दिवसांत आगाऊ पैसे घेण्यास बंदी होती. २००९ च्या नव्या नियमांनी ही मुदत चौदा दिवसांची झाली. दोन तासांच्या भारावलेपणावर हा चांगला उतारा आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे मान्यतेचे निकष आहेत, पण ती मान्यता घेणे ऐच्छिक आहे. करारात माघारीची मुदत लिहिलेली असेल तेवढीच. मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक सोय केली: कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

आत्याला मी हे सगळे दोन संध्याकाळी वाचून दाखवले. तिने शाळेच्या वळणदार अक्षरात कंपनीला पत्र लिहिले. प्रश्न तीनच: शुल्क कशाच्या आधारे वाढते, मेमधील किती खोल्या सभासदांसाठी राखतात, आणि सभासदत्व मध्येच सोडले तर काय परत मिळते. पत्राला अजून उत्तर नाही. एप्रिलचे बिल मात्र वेळेवर आले आणि आत्याने ते भरले. या डिसेंबरात आजीला पुन्हा जायचे आहे, तापोळ्याहून लाँचने, शेते बुडाली त्या जागेवरून.