पंखे फिरतात, पडदा काळाच
घरी जोडलेल्या संगणकाचे पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी लोक थेट मदरबोर्ड बदलायला निघतात. घाई नको. आधी प्रोसेसरजवळची 8 पिनांची वीजजोडणी पाहा. 24 पिनांची जाड केबल लावण्याच्या नादात हीच हमखास राहून जाते. मग रॅम. एकच पट्टी ठेवा आणि खटका वाजेपर्यंत दाबा. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी. डीडीआर5 रॅम पहिल्या वेळी जुळवून घ्यायला काही मिनिटे लागू शकतात, तेवढा धीर धरा. ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल बोर्डालाच खोचणारे तर कितीतरी! काही बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे बारीक दिवे असतात. पेटून राहील त्या भागाकडे आधी बघा. आत हात घालण्यापूर्वी मात्र प्लग काढा.