शरणार्थी, बहिरागत, बिदेशी

शेजारी देशातून आलेल्या माणसाविषयीचे लोकमत त्याला दिलेल्या नावात प्रथम उमटते. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसे भारतात आली, तेव्हा ती ‘शरणार्थी’ ठरली. त्यांच्या साहाय्यार्थ देशभर टपालावर ५ पैशांचे जादा तिकीट लावले जाई. ही माणसे परत जातील, असे त्या नावात गृहीत होते. १९७२ च्या प्रारंभी बहुसंख्य परतलीही.

आसामातील स्थलांतराला मात्र फाळणीपूर्वीचा इतिहास आहे. पूर्व बंगालचे शेतकरी तेथे येऊन स्थायिक झाले होते. १९७९ मध्ये मंगलदै येथील मतदारयादीवरून आंदोलन पेटले. आरंभी घोषणांत ‘बहिरागत’ हा शब्द होता. त्यात अन्य प्रांतांतील भारतीयही येत. म्हणून पुढे ‘बिदेशी’ हा शब्द रूढ झाला. भाषा व भूमी गमावण्याची खरीखुरी भीती अशा रीतीने नागरिकत्वाचा प्रश्न बनली. परंतु बिदेशी कोण, हे बोलीवरून किंवा धर्मावरून ठरत नाही. जमावाने ते तसे ठरविले, तेव्हा फेब्रुवारी १९८३ मध्ये नेल्ली परिसरात दीड हजारांहून अधिक बंगालीभाषक मुसलमान मारले गेले.

१९८५ च्या आसाम कराराने २५ मार्च १९७१ पासून आलेल्यांना परत पाठविण्याचे ठरविले. २०१९ च्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांवर अर्जदार वगळले गेले. त्यांत हिंदूही होते, आसामातच जन्मलेलेही होते. त्यांच्यासाठी ‘परत’ या शब्दाला कोणताच गाव उरत नाही.