सूरमेळ (लेखांक ९) : कारायान आणि कॅमेरा

सभागृहात बसलेल्या श्रोत्याला कंडक्टरची पाठ दिसते. हलणारे कोपर, कॉलरवर रुळणारे केस, कोटाची लांब शेपटं; एवढ्यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. चेहरा फक्त वादकांच्या वाट्याला. बर्लिनच्या फिलहार्मोनीसारख्या काही सभागृहांत मंचाच्या मागेही खुर्च्या असतात, तेवढा अपवाद. कॅमेऱ्याने हा सगळा हिशेब उलटा केला, आणि त्याचा फायदा पुरेपूर उठवला तो हर्बर्ट फॉन कारायान यांनी.

साल्झबुर्गमध्ये १९०८ साली जन्मलेले कारायान १९५५ पासून बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे प्रमुख कंडक्टर होते. १९५७ च्या जपान दौऱ्यात त्यांच्या वाद्यवृंदाचं वादन तिथल्या टीव्हीवर दाखवलं गेलं. त्यानंतर काही वर्षांनी, १९६५ च्या सुमारास, त्यांनी हाताशी धरलं ते ‘द वेजेस ऑफ फिअर’ या थरारपटाच्या आँरी-जॉर्ज क्लुझो या फ्रेंच दिग्दर्शकाला. निवड वाटते तितकी विचित्र नव्हती. ताण कसा वाढवत न्यायचा आणि नेमका कुठे तोडायचा, हे क्लुझोला पक्कं ठाऊक होतं. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीचा त्याचा कृष्णधवल चित्रपट आजही बघवतो. मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहातला १९६७ चा वेर्दीचा ‘रेक्विएम’ तर जरूर पाहावा. त्यात दाढी नसलेला, एकतिशीतला गायक पावारोत्ती दिसतो!

थेट मैफल टिपताना दिग्दर्शक स्वरलिपी समोर ठेवून आधीच खुणा करतो : इथे तीन नंबरचा कॅमेरा ओबोवर, तिथे पाच नंबरचा हॉर्नवर. मैफल सुरू झाली की नियंत्रण कक्षात एक जण स्वरलिपी वाचत, मोजत, पुढचा शॉट कोणता ते सांगत राहतो. ओबोवादकाने श्वास घेण्याआधी कॅमेरा तिथे पोचलेला हवा. उशीर झाला की पडद्यावर दिसतो तो वाद्य मांडीवर ठेवणारा, काम उरकलेला माणूस.

कारायान यांना ही धावपळ मंजूर नव्हती. त्यांच्या १९६०-७० च्या दशकांतल्या अनेक चित्रपटांत संगीत आधी ध्वनिमुद्रित झालं आणि मग त्या ध्वनिमुद्रणावर वादकांनी कॅमेऱ्यासमोर वाजवून दाखवलं, आपल्या सिनेमातल्या गाण्याच्या चित्रीकरणासारखं. त्यामुळे प्रकाश हवा तसा, कॅमेरा हवा तिथे. व्हायोलिनचे गज एकाच कोनात, एकाच वेळी वर जातात. चकचकीत हॉर्नांची रांग दिसते, बासरीवरची बोटं दिसतात. ज्याची बोटं तो माणूस मात्र क्वचितच. आणि मधोमध कारायान. हात छातीच्या खाली, डोळे मिटलेले, बाजूने आलेला प्रकाश गालावर. ते स्वरलिपीशिवाय, डोळे मिटून वाद्यवृंद चालवत. ऑपेरात गायकांसाठी उघडे ठेवत. मिटलेले डोळे सभागृहातल्या बहुतेकांना दिसतच नव्हते, पडद्यावर ती त्यांची सही होऊन बसली.

ह्यूगो नीबेलिंग या जर्मन दिग्दर्शकाने बेथोवनच्या तिसऱ्या आणि सातव्या सिम्फनीचं चित्रण धाडसी, जवळजवळ अमूर्त शैलीत केलं. कारायान यांना ते रुचलं नाही. त्यांनी संकलन बदलून घेतलं. पुढे तर बहुतेक चित्रपटांचे दिग्दर्शक ते स्वतःच झाले, आणि १९८२ मध्ये टेलेमोंडियाल ही स्वतःची कंपनी काढून त्यांनी आपले आवडते संगीतप्रबंध नव्याने चित्रित करायला घेतले. पाठीच्या दुखण्याने तोवर त्यांना पुरतं जेरीला आणलं होतं, पण संकलनाच्या टेबलावरची पकड सुटली नव्हती.

इथेच माझी तक्रार आहे. चित्रित मैफलीला दोन कंडक्टर असतात. एक काठी हलवतो, दुसरा कुठे बघायचं ते ठरवतो. हा दुसरा तिऱ्हाईत असला तर तो कधी तरी पहिल्यावरून नजर काढून मागच्या रांगेतल्या टिंपनीवाल्याकडेही बघतो, कारण त्या क्षणी संगीत तिथे असतं. दोन्ही कामं एकाच माणसाकडे गेली की तो स्वतःकडेच बघत राहतो. टेलेमोंडियालच्या चित्रपटांत सूर कानात भरतात, पण शंभर जण एकत्र बसून काही घडवत आहेत असं फारसं वाटत नाही.

म्हणून मला त्यांचं सर्वांत आवडतं चित्रण व्हिएन्नातल्या १९८७ च्या नववर्ष मैफलीचं. कारायान यांनी ही वार्षिक मैफल एकदाच केली, वयाच्या ७८ व्या वर्षी. (मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ती पाच वेळा केली.) थेट प्रक्षेपण असल्यामुळे पुन्हा घेण्याची सोय नाही. गायिका कॅथलीन बॅटल योहान स्ट्राउसचं ‘व्हॉइसेस ऑफ स्प्रिंग’ गाते तेव्हा हा कठोर म्हातारा तिच्याकडे कौतुकाने बघतो. शेवटच्या ‘राडेट्स्की मार्च’ला श्रोत्यांच्या टाळ्यांनाही तो हातवारे करून लहान-मोठं करत राहतो. हा चेहरा त्यांच्या स्वतःच्या चित्रपटांत शोधून सापडत नाही.

जुलै १९८९ मध्ये कारायान गेले. त्याच वर्षी, नाताळच्या दिवशी, भिंत कोसळलेल्या बर्लिनमध्ये बेथोवनची नववी सिम्फनी वाजली आणि तिचंही प्रक्षेपण झालं. समोर उभे होते लिओनार्ड बर्नस्टाईन, घामाने निथळत, उड्या मारत, कॅमेऱ्याकडून काहीही न लपवता. त्यांच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.