टप मिटू नका, गुंडाळू नका!

पाऊस तोंडावर आलाय. गच्चीवरची वाळवणं आत गेली, छत्र्या माळ्यावरून खाली आल्या, ग्रुपवर धबधब्यांचे प्लॅन पडायला लागले. आणि काही घरांत भलतीच चर्चा सुरू आहे. गाडीचं काय करायचं? साधी गाडी असती तर प्रश्न नव्हता. ही कापडी टपाची आहे. दादाची कन्व्हर्टिबल थार असेल, आजोबांच्या काळातली रेक्झिनचं हूड असलेली जीप असेल, नाहीतर एखाद्या नशीबवानाच्या घरची मिनी कन्व्हर्टिबल. गाडीचा मालक मास्टर्सला जर्मनीला निघालाय किंवा जहाजावर कॉन्ट्रॅक्टवर चाललाय. किल्ली तुमच्या हातात आणि सूचना एवढीच, 'जरा सांभाळ'.

गंमत अशी, की अशा वेळी आपल्याला जे पहिल्यांदा सुचतं, तेच टपाच्या मुळावर येतं. टप मिटायचा, वरून निळी ताडपत्री टाकायची, दोरीने आवळून बांधायची, चला, ऑक्टोबरात भेटू! ऑक्टोबरात भेटते ती बुरशी.

मुंबईत मान्सून दाखल व्हायची सरासरी तारीख ११ जून आणि परतायची ८ ऑक्टोबर. म्हणजे जवळजवळ चार महिने. आता टपाचं कापड पावसासाठीच बनवलेलं असतं. पाणी पडलं, ओघळून गेलं, वारा लागून वाळलं तर त्याला फारसं काही होत नाही. त्याला मारतो तो अडकून बसलेला ओलावा. बुरशीला जगायला लागतंच किती? दमट हवा, थोडा अंधार आणि खायला धूळ, पक्ष्यांची शीट, झाडाचा चीक. मिटलेल्या टपाच्या घडीत हे सगळं आयतं मिळतं. ताडपत्रीखाली तर चैनच. जमिनीतली ओल वर येते, प्लॅस्टिकला आतून थेंब धरतात आणि तेच पाणी परत टपावर टपकतं. बाहेर ऊन पडलं तरी आत पावसाळाच.

म्हणून गाडी उभी करायची ती टप लावून, नीट ताणून. घडी घालून अजिबात नाही. घडी जिथे पडते तिथे चार महिन्यांत कायमची वळी बसते, शिवणीवर ताण येतो. मागच्या मऊ प्लॅस्टिकच्या खिडकीवर तर पांढरी रेघ उमटते आणि पुढे तिथेच ती तडकते.

पण त्याआधी धुणं आलंच. आणि धुण्याआधी आपला टप कशाचा आहे ते ओळखा. हात फिरवल्यावर धाग्यांची वीण जाणवली तर तो कापडी. परदेशी कन्व्हर्टिबलला बहुधा असा असतो. वर ॲक्रिलिकचं कापड, मध्ये रबराचा थर, आत अस्तर. चामड्यासारखा गुळगुळीत लागला तर तो व्हिनाइल, म्हणजे आपल्या जीपवाल्यांच्या भाषेत रेक्झिन. दोघांची औषधं वेगळी. कापडाला पाणी झटकणारा फॅब्रिक स्प्रे लागतो, व्हिनाइलला उन्हापासून वाचवणारं व्हिनाइलचं लोशन. याचं त्याला लावाल तर ते नुसतं चिकट होऊन धूळ धरून बसेल. खात्री नसेल तर गाडीचं मॅन्युअल उघडा. ग्लव्ह बॉक्समध्ये पीयूसीच्या कागदांखाली कुठेतरी असतं बिचारं.

धुण्यात फार शहाणपणा नको. आधी कोरडी धूळ व्हॅक्युमने किंवा मऊ ब्रशने काढा, नाहीतर पाणी पडताच तिचा चिखल होऊन विणीत बसतो. मग कोमट पाणी, गाडीचा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश. कपड्यांची पावडर नको, ब्लीच तर नकोच नको. सर्व्हिस स्टेशनवाला प्रेशरचा पाइप घेऊन उत्साहाने पुढे येईल, त्याला तिथेच थांबवा. त्या धारेने शिवणी उसवतात. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी मारा, कारण उरलेला साबणही मळ धरतो.

आणि मग वाळवा. हाताला कोरडं लागतं म्हणजे वाळलं असं नाही. शिवणी, दुमडलेल्या कडा, आतलं अस्तर यांना वेळ लागतो. कडक उन्हाचा आख्खा दिवस द्या. पापड वाळवताना आजी जेवढी हट्टी असते तेवढं हट्टी व्हा. स्प्रे किंवा लोशन त्यानंतरच. म्हणूनच हे काम मृगाच्या सरी येण्याआधी उरकायला हवं. एकदा झड लागली की ओलाच टप झाकण्याशिवाय पर्याय उरत नाही.

प्लॅस्टिकच्या खिडकीला घरातला काच पुसायचा स्प्रे मारू नका. अमोनिया असलेल्या क्लीनरने प्लॅस्टिक धुरकट होतं. कोरड्या फडक्यानेही घासू नका, धुळीचे चरे पडतात. भरपूर पाणी आणि मऊ सुती कापड पुरे. चेन असेल तर तिच्या दातांवर मेणबत्ती फिरवा. समुद्राजवळ राहत असाल तर हे विसरूच नका. रबरी पट्ट्यांना सिलिकॉनचं लुब्रिकंट लावा. ग्रीस किंवा व्हॅसलीन नको, पेट्रोलियमने रबर फुगतं.

चिपळूणला माझ्या मामाकडे जुनी जीप आहे. तिथला पाऊस काय असतो ते वेगळं सांगायला नको. एका पावसाळ्यात ती ताडपत्रीखाली राहिली आणि दिवाळीत हूड काढलं तेव्हा मागची खिडकी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. रेक्झिन तसं धड होतं, पण शिवणीचा सुती दोरा कुजून हातात येत होता. आता मामा पडवीत गाडी लावतो, वर जुनी सुती चादर टाकतो. बस. नवं हूड शिवताना त्याने कुशनवाल्याच्या डोक्यावर बसून पॉलिएस्टरचा दोरा वापरायला लावला. पडवी नसेल तर हवा खेळती ठेवणारं कापडी कव्हर घ्या आणि गाडी झाडाखाली लावू नका. सावली मिळते खरी, पण चीक, पानं आणि कावळे फुकटात येतात. कन्व्हर्टिबलच्या कडेला पाणी वाहून जायची बारीक भोकं असतात. पानं तिथे अडकली की पाणी थेट सीटखाली.

उंदरांचं काय? त्यांना टपाचं अस्तर फार आवडतं. गाडीत वेफर्सचा एक तुकडाही ठेवू नका. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडी पिशवीत घालून, प्लॅस्टिकच्या खिडकीला न लागता. आत सीटखाली कपाटात ठेवतात तसे ओलावा शोषणारे डबे ठेवा आणि भरले की बदला.

बॅटरी, टायरची हवा वगैरे गॅरेजवाला सांगेलच. टपासाठी तुम्हाला एवढंच करायचंय, की दर पंधरा दिवसांनी, पाऊस उघडला असेल त्या दिवशी, कव्हर काढायचं, दारं तासभर उघडी ठेवायची आणि आत डोकं घालून वास घ्यायचा. कुबट वास आला तर बुरशी कुठेतरी सुरू झालीय. टॉर्च घेऊन कोपरे बघा. ठिपके कोरडे असताना, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका, मग सौम्य साबणाने पुसून पुन्हा वाळवा. घरात कुणाला दमा असेल तर हे काम त्याच्यावर सोपवू नका.

जहाजावरच्या किंवा जर्मनीतल्या मालकाला दर वेळी एक फोटो पाठवा. म्हणजे तो आल्यावर हिशेब सोपा राहील. आणि ऑक्टोबरात तो उतरल्या उतरल्या टप मागे टाकून मरीन ड्राइव्हला निघायच्या तयारीत असेल, तर त्याला अर्धा दिवस थांबवा. टप आधी उन्हात नीट तापू द्या, मऊ होऊ द्या, मग सावकाश मिटा.