ब्रेक ऑइलमध्ये मुरलेले पाणी

क्रूझर म्हणजे बुटक्या आसनाची, लांबलचक, जड मोटारसायकल. तिचे वजन १९० किलो धरा; दोघे बसले की ३३० किलो. पाचगणीहून वाईला पसरणी घाटाने उतरताना ती सुमारे ५०० मीटर खाली येते. गणित करून पाहा : ३३० × ९.८ × ५०० म्हणजे १६ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेने पाच लिटर पाण्याला उकळी फुटेल! यातील काही वाटा हवा व इंजिन उचलतात. पण वरच्या गिअरमध्ये सतत ब्रेक दाबत उतरल्यास बरीच उष्णता ब्रेकच्या तबकडीतच साठते आणि तिथून द्रवात शिरते.

मेकॅनिक ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, ते बहुधा तेल नसतेच. ते ग्लायकॉल ईथरांचे मिश्रण असते आणि हवेतील बाष्प शोषून घेते. ताजे डॉट-४ किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. द्रव दबत नाही, म्हणून तर तुमच्या बोटांचा दाब पास्कलच्या नियमाने चाकापर्यंत पोचतो. वाफ मात्र दबते. मग लिव्हर हँडलला टेकते, अन् गाडी थांबत नाही!

म्हणूनच सर्व्हिसिंगमध्ये साधारण दोन वर्षांनी हा द्रव बदलतात. वरच्या टाकीत नवा ओतत राहायचे, खालच्या निपलमधून जुना काढायचा. टाकी मध्येच रिकामी झाली तर नळीत हवा शिरते. हे काम जाणकारानेच करावे, तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. मागच्या वेळी फोडलेला डबा निघाला, तर नवा आणायला सांगा. आणि थेंब रंगावर सांडलाच, तर लगेच पाण्याने धुवा. तो रंग खातो.